सहावी ते आठवीच्या अभ्यासक्रमात पर्यावरण शिक्षण कसे गुंफावे: पुण्यातील नव्या शिक्षकांसाठी

पाचवीपर्यंत मुलांच्या दप्तरात ‘परिसर अभ्यास’ हे पुस्तक असते. सहावीत ते नाहीसे होते आणि त्यातील आशय सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र अशा निरनिराळ्या तासिकांत विखुरला जातो. विज्ञानाच्या तासाला जलप्रदूषण शिकवले जाते, भूगोलाच्या तासाला नदीची कार्ये आणि नागरिकशास्त्राच्या तासाला महानगरपालिकेची कामे. परंतु ही तिन्ही प्रकरणे शाळेमागून वाहणाऱ्या एकाच ओढ्याला लागू पडतात, हे मुलांच्या लक्षात आणून देण्याची जबाबदारी वेळापत्रकात कोणाच्याच नावावर नसते. उच्च प्राथमिक वर्गांत पर्यावरण शिक्षणाची अडचण मजकूर कमी असण्याची नाही. ती या विखुरलेपणाची आहे.

या लेखात सुचवलेली पद्धत त्यावरच बेतलेली आहे. नवा विषय किंवा नवी तासिका मागू नये. शाळेपासून चालत जाता येईल अशी एकच जागा निवडावी आणि जूनपासून एप्रिलपर्यंत वेगवेगळ्या विषयांतील संबंधित घटक त्या जागेशी जोडून शिकवावेत. दर महिन्याला वेगळा ‘दिवस’ साजरा करण्यापेक्षा याला मेहनत कमी लागते आणि मुलांच्या हाती पुष्कळ अधिक लागते, असे माझे ठाम मत आहे.

मुख्याध्यापकांशी बोलताना उपयोगी पडेल एवढी पार्श्वभूमी येथे देतो. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्व स्तरांवर पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा निर्देश दिले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ याने हा आशय सर्व विषयांत मिसळून शिकवावा अशी भूमिका घेतली, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात १० दिवस दप्तराविना शिक्षणाची तरतूद सुचवली आहे. राज्यघटनेतील कलम ५१ क मधील नैसर्गिक पर्यावरणाच्या रक्षणाचे मूलभूत कर्तव्य तर मुले नागरिकशास्त्रात वाचतातच. तात्पर्य, आपण काही नियमबाह्य मागत आहोत असा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: सर्व विषयांची पुस्तके एकत्र वाचणे

शाळा उघडण्यापूर्वीच्या आठवड्यात आपल्या इयत्तेची सगळी पाठ्यपुस्तके घेऊन बसावे. फक्त आपल्या विषयाची नव्हे. हवा, पाणी, जमीन, मृदा, खडक, ऊर्जा, परिसंस्था, प्रदूषण, आपत्ती व्यवस्थापन, नकाशावाचन, समोच्च रेषा, भूमी उपयोजन, स्थानिक शासन संस्था, स्तंभालेख, औपचारिक पत्रलेखन असे घटक जेथे जेथे दिसतील तेथे खूण करावी आणि एका मोठ्या कागदावर महिन्यांचे रकाने आखून ते मांडावेत. पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, त्यामुळे पाठाच्या क्रमांकावर विसंबून न राहता घटकाच्या आशयावर लक्ष ठेवावे.

हा तक्ता पाहताच एक गोष्ट ध्यानात येईल. पुस्तकातला क्रम आणि पुण्यातले ऋतू यांचा मेळ बसत नाही. पर्जन्य आणि आर्द्रता शिकवायची ती ओढे भरून वाहत असताना, पण तो घटक नियोजनात दुसऱ्या सत्रात पडलेला असू शकतो. घटकांचा क्रम बदलण्यास सहसा अडचण येत नाही. मात्र संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाच्या प्रश्नपत्रिका शाळेत सामाईक असतील तर हा बदल इतर तुकड्यांच्या शिक्षकांशी ठरवूनच करावा आणि वार्षिक नियोजनात लेखी नोंदवावा. पर्यावरण दिन ५ जूनला येतो, तेव्हा आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी संपलेलीही नसते, हेही एका अर्थी बरेच आहे. घाईघाईच्या वृक्षारोपणाने वर्षाची सुरुवात होत नाही.

सर्व सहकारी पहिल्याच वर्षी उत्साहाने सामील होतील अशी अपेक्षा धरू नये. विज्ञान, भूगोल आणि गणित किंवा मराठी यांपैकी एक असे तीन शिक्षक पुरेसे आहेत.

दुसरी पायरी: जागेची निवड

जागा शाळेपासून पंधरा मिनिटांच्या पायी अंतरावर असावी, कारण जाऊन-येऊन आणि निरीक्षण करून दोन सलग तासिकांत परत येता आले पाहिजे. बस ठरवावी लागली की भेट ‘सहल’ होते आणि सहल वर्षातून एकदाच निघते.

पुण्यात अशी जागा नाही अशी शाळा विरळा. पाषाण, सूस, बाणेर, बावधन या भागांतील शाळांना रामनदी आणि पाषाण तलाव आहे. सहकारनगर, धनकवडी, दांडेकर पूल परिसराला आंबिल ओढा आणि तळजाई आहे. कोथरूडला म्हातोबाची आणि वेताळ टेकडी जवळ, स्वारगेट ते हडपसर पट्ट्याला मुठा उजवा कालवा जवळ. कसबा, सोमवार, रास्ता पेठांतील शाळांना मुठा आणि नागझरी आहेत; शिवाय नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेल्या पाण्याच्या दगडी नळाचे उच्छ्वास (नळातली हवा बाहेर पडण्यासाठी बांधलेले मनोरे) आणि हौद जुन्या भागात अद्याप पाहता येतात, ज्यामुळे इतिहासाचे शिक्षकही आपसूक सामील होतात. यांपैकी काहीच जवळ नसेल तर शाळेच्या आवारातले एखादे उंबराचे किंवा वडाचे झाड आणि त्याखालची चार पावले जमीन हीसुद्धा वर्षभर पुरणारी जागा आहे.

घाणेरडा ओढा निवडण्यास कचरू नये. मुलांना ‘निसर्ग’ दाखवायचा म्हणून ताम्हिणीला न्यावे आणि रोज ओलांडायच्या पुलाखाली काय वाहते ते मात्र दाखवू नये, यात काही तरी चुकते आहे. अट एवढीच की काठावर उभे राहण्यास सुरक्षित, सपाट जागा असावी आणि पाण्यात उतरावे लागू नये.

जागा ठरवण्यापूर्वी शिक्षकाने तेथे ज्या वेळेची तासिका असेल त्याच वेळी एकटे जाऊन यावे. सावली कोठे आहे, रस्ता कोठे ओलांडावा लागतो, चाळीस मुले कोठे उभी राहू शकतात, आग्या मोहोळ आहे का, भटकी कुत्री आहेत का, हे सकाळी फिरायला गेल्यावर दिसते त्याहून दुपारी बाराला वेगळे दिसते.

तिसरी पायरी: जून ते सप्टेंबर, पाण्याचा धागा

पुण्यातील शिक्षकाला पावसाळ्याइतका समृद्ध विषय दुसरा मिळणार नाही; म्हणून पहिले सत्र पाण्यासाठी राखून ठेवावे.

आरंभ पर्जन्यमापकाने करावा. सरळ भिंतींची प्लास्टिकची बाटली वरच्या बाजूस कापून तो वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा, तळाचा वाकडा भाग पाण्याने भरून तेथे शून्याची खूण करावी आणि वर मोजपट्टी चिकटवावी. बाटलीचे तोंड आणि बुडाचा व्यास सारखा असला तरच पट्टीवरचे मिलिमीटर खरे, ही गोष्ट मुलांकडूनच काढून घ्यावी. भारतीय हवामानशास्त्र विभाग सकाळी साडेआठला मागील चोवीस तासांचा पाऊस नोंदवतो. सकाळच्या शाळेला ती वेळ जमते. दुपारच्या शाळेने स्वतःची एक ठरावीक वेळ धरून रोज तीच पाळावी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव येथील आकडे येतात, त्यांच्याशी आपला आकडा ताडून पाहावा. आकडे जुळणार नाहीत, आणि ते का जुळत नाहीत ही चर्चा त्या तासिकेतील सर्वांत मोलाची चर्चा ठरते. एकाच दुपारी लोहगावात धो धो पाऊस आणि कोथरूडला ऊन, हे पुणेकर मुलांना सांगावे लागत नाही.

नंतर छपराचे गणित करावे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेची गच्ची ४०० चौरस मीटर असेल आणि एका दिवसात २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर, म्हणजे उन्हाळ्यात सोसायट्यांपुढे उभा राहतो तसा एक टँकर भरेल एवढे पाणी त्या दिवशी गच्चीवर पडले. ते कोठे गेले, हे मुलांनी पन्हाळीच्या मागोमाग जाऊन शोधावे: जमिनीत, गटारात, की शोषखड्ड्यात? हे उदाहरण सहावीच्या क्षेत्रफळाला आणि मापन रूपांतराला चालते, आणि शाळेत पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था असूनही ती तुंबलेली आहे का, हेही त्या निमित्ताने कळून येते.

आठवीच्या मुलांसमोर धरणांचे आकडे ठेवावेत. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित उपयुक्त साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. पावसाळ्यात हा शब्द रोज कानावर पडतो, पण टीएमसी म्हणजे किती हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हा मापदंड धरला, तर १ टीएमसी पाणी सुमारे पावणेसहा लाख माणसांना वर्षभर पुरते. हे उत्तर फळ्यावर आले की पुढचे प्रश्न मुलेच विचारतात: मग शहराला किती लागते, शेतीला किती जाते, गळतीत किती, आणि आमच्याकडे एक दिवसाआड पाणी का येते? क्युसेकही असाच उलगडावा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. या वेगाने तोच १०,००० लिटरचा टँकर सहा मिनिटांत भरतो. धरणातून हजारो क्युसेक सोडल्याची बातमी आली की भिडे पूल पाण्याखाली का जातो, हे मग वेगळे समजावावे लागत नाही.

नळाचा प्रवास काढून घेणे हा याच काळातला भूगोलाचा प्रकल्प. प्रत्येक मुलाने घरातल्या नळापासून मागे जात टाकी, जलकेंद्र, कालवा किंवा जलवाहिनी, धरण, आणि पुढे जात मोरी, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, नदी असा आराखडा काढावा. संगमावर मुळा आणि मुठा एकत्र येतात, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी उजनी धरणात जाते. आपण धुण्याला वापरलेले पाणी कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर आहे, ही जाणीव नकाशा काढताना होते. त्यासाठी भाषणाची गरज पडत नाही.

पर्जन्याच्या वितरणासाठी पुणे जिल्ह्यासारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. लोणावळा आणि ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुणे शहरात साधारण सातशे ते साडेसातशे आणि पूर्वेला बारामती-इंदापूरकडे त्याहूनही कमी. पर्जन्यछायेचा पाठ हिमालयाच्या आकृतीवर शिकवण्याआधी तो आपल्याच जिल्ह्याच्या नकाशावर शिकवावा, आणि बाजरी-ज्वारी कोठे, भात कोठे, हे मुलांच्या गावाकडच्या अनुभवातून काढून घ्यावे. वर्गात बहुतेकांचे एक गाव असतेच.

पुराविषयी बोलताना सावधपणा ठेवावा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्याची आठवण सांगणारी माणसे पेठांतून अजून भेटतात आणि मराठीच्या तासाला मुलाखतलेखनासाठी ती उत्तम आहेत. मात्र २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर किंवा जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेले पाणी हा आपल्या वर्गातील एखाद्या मुलाच्या घरचा प्रसंग असू शकतो. अशा मुलाला सर्वांसमोर ‘अनुभव सांग’ असे म्हणू नये. ते स्वतःहून बोलले तर ऐकून घ्यावे. चर्चा ओढ्याच्या पात्राची रुंदी, त्यावरील बांधकामे, तुंबलेल्या मोऱ्या आणि डोंगरउतारावरून वेगाने येणारे पाणी या कारणांवर ठेवावी.

चौथी पायरी: विज्ञानातील मोजमाप

ओढा किंवा तलाव ही जागा असेल तर महिन्यातून एकदा पाच नोंदी पुरतात: पाण्याचे तापमान, रंग व गढूळपणा, वास, वैश्विक दर्शकाच्या पट्टीने सामू (पीएच), आणि काठावर दिसलेले सजीव. पाण्याचा नमुना दोरी बांधलेल्या बादलीने शिक्षकाने किंवा सेवकाने काढावा. मुलांनी हातमोजे घालूनच तो हाताळावा आणि परतल्यावर साबणाने हात धुवावेत. गढूळपणासाठी यंत्र लागत नाही. उंच काचेच्या नळीखाली कागदावर काळी फुली काढून ठेवावी आणि वरून पाहत, फुली दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतत जावे. किती सेंटिमीटरला दिसेनाशी झाली हा आकडा दर महिन्याला तुलनेसाठी चालतो. जुलैतला गढूळपणा मातीचा असतो आणि मार्चमधला सांडपाण्याचा, हा फरक नोंदींतून बाहेर यावा. आधीच सांगून टाकू नये.

जलपर्णीची वाढ, पाण्यातील नायट्रेट-फॉस्फेट आणि विरघळलेला ऑक्सिजन यांचा संबंध आठवीला जमतो. सहावीला ‘जलपर्णी कोणत्या महिन्यात किती पसरली’ एवढे रेखाटन पुरे.

टेकडी किंवा मैदान ही जागा असेल तर पाणी मुरण्याचा प्रयोग करावा, तो फार बोलका आहे. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा दोन-तीन सेंटिमीटर जमिनीत रोवून त्यात अर्धा लिटर पाणी ओतावे आणि ते मुरायला किती वेळ लागला हे घड्याळावर पाहावे. हाच प्रयोग गवताखालच्या मातीवर, तुडवून घट्ट झालेल्या खेळाच्या मैदानावर आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीवर करावा. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट, त्याची झीज होऊन तयार झालेली काळी माती, आणि काँक्रीटने झाकलेल्या उपनगरात थोड्याशा पावसानेही रस्त्यावर येणारे पाणी, हे तीन वेगवेगळ्या पाठांतले विषय या एका डब्यात एकत्र येतात.

गणेशोत्सवाच्या सुमारास रसायनशास्त्राला आयता विषय मिळतो. शाडूच्या मातीचा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा सारख्या आकाराचा तुकडा दोन काचेच्या बरण्यांत पाण्यात ठेवून आठवडाभर रोज पाहावा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली अमोनिअम बायकार्बोनेटची पद्धत महानगरपालिकेने घरगुती विसर्जनासाठी लोकांपर्यंत पोहोचवली आहे. तीत कॅल्शिअम सल्फेटचे कॅल्शिअम कार्बोनेट होते आणि द्रावणात अमोनिअम सल्फेट उरते, जे खत म्हणून वापरता येते. अमोनियाचा उग्र वास येत असल्याने हे प्रात्यक्षिक शिक्षकाने उघड्यावर करावे. आठवीच्या मुलांना हे समीकरण संतुलित करायला द्यावे. शाडूची माती कोठून येते, ती खणल्याने तेथे काय होते, असे कोणी विचारलेच तर तो प्रश्न टाळू नये. सगळी उत्तरे एका बाजूला झुकलेली असली की सातवी-आठवीतल्या मुलांना ती प्रचारकी वाटू लागतात, आणि त्यांचे फारसे चुकत नाही.

पाचवी पायरी: झाडे आणि पक्षी

नोव्हेंबर ते मार्च हा टेकडीचा काळ. प्रत्येक गटाला एक झाड नेमून द्यावे आणि पानगळ, पालवी, कळ्या, फुले, फळे यांची दर पंधरवड्याची नोंद ठेवायला सांगावी. काटेसावर, पळस, पांगारा ही झाडे शाळा चालू असतानाच फुलतात. बहावा मात्र बहुधा सुट्टीत गाठतो. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो आणि तो दिवाळीच्या सुट्टीत येण्याची शक्यता असते, तेव्हा ज्यांनी त्यांनी गावाकडे किंवा घराच्या खिडकीतून दिसलेल्या पक्ष्यांची यादी आणावी. बुलबुल, शिंजीर, तांबट, भारद्वाज, वेडा राघू, सातभाई, घार इतके पक्षी ओळखू आले की पहिल्या वर्षाला भरपूर झाले.

वृक्षारोपणाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. पुण्याच्या टेकड्यांचा मूळ स्वभाव गवताळ आणि झुडपी आहे. त्यावर हिरवाईसाठी लावलेल्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या) दाटीखाली इतर झाडे-गवते फारशी वाढत नाहीत. मुलांना गिरिपुष्पाखालचा आणि मोकळ्या गवताचा असे दोन एक-एक चौरस मीटरचे चौकोन दोरीने आखून द्यावेत आणि प्रत्येकातील वनस्पतींचे व कीटकांचे प्रकार मोजायला सांगावेत. नावे ठाऊक नसली तरी ‘प्रकार क, प्रकार ख’ असे मोजता येते. एवढे केल्यावर ‘झाड लावणे म्हणजे पर्यावरण’ हे समीकरण मुलेच तपासून पाहतात. ज्या शाळेला झाडे लावायचीच आहेत तिने थोडी, स्थानिक आणि उन्हाळ्यात पाणी घालता येईल अशा ठिकाणीच लावावीत. मे महिन्यात पाणी कोण घालणार त्याचे नाव लिहून ठेवल्याशिवाय खड्डा खणू नये.

सहावी पायरी: कचरा, नागरिकशास्त्र आणि भाषा

कचऱ्यावर शाळांत घोषणा पुष्कळ होतात आणि वजनकाटा क्वचित दिसतो. एका आठवड्यासाठी आपल्या वर्गाचा ओला, सुका आणि इतर कचरा वेगळा ठेवून रोज वजन करावे. सातवीचा जोडस्तंभालेख किंवा आठवीचा शतमान स्तंभालेख त्यावर काढावा. गणिताच्या शिक्षकांना पुस्तकातील कल्पित आकड्यांपेक्षा हे आकडे आवडतात, असा माझा अनुभव आहे.

पुण्यात या विषयाला एक वेगळे अंग आहे. कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था २००८ मध्ये महानगरपालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. सहकार, स्थानिक शासन आणि श्रम असे तीन विषय यातून शिकवता येतात. शाळेत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना मुलांशी बोलण्यासाठी बोलवायचे असल्यास त्यांच्या कामाची वेळ सांभाळून बोलवावे, आणि त्यांच्या कौशल्याविषयी प्रश्न विचारावेत: प्लास्टिकचे किती प्रकार हाताने ओळखता येतात, कशाला भाव मिळतो, कशाला अजिबात मिळत नाही. त्यांची कीव करणारे प्रश्न मुलांकडून येऊ नयेत यासाठी आदल्या दिवशी प्रश्न लिहून घेऊन वाचावेत. वर्गात कचरावेचकांची मुले असू शकतात हेही विसरू नये.

औपचारिक पत्रलेखन हा मराठीच्या अभ्यासक्रमातला घटक काल्पनिक विषयावर खर्च करण्याऐवजी क्षेत्रीय कार्यालयाला खरे पत्र लिहावे. ‘परिसरात अस्वच्छता आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे मोघम पत्र कामाचे नाही. तारीख, जागा, काय दिसले, किती वेळा दिसले आणि नेमके काय करावे अशी विनंती, एवढे त्यात असावे. वर्षभराच्या नोंदी हाताशी असल्याने मुलांना ते जमते. पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने पाठवावे, पोच घ्यावी आणि उत्तर आले नाही तर स्मरणपत्रही मुलांनीच लिहावे.

वादाचे विषय आठवीत येऊ द्यावेत. नदीकाठ प्रकल्प किंवा वेताळ टेकडीवरून नियोजित असलेला बालभारती–पौड फाटा रस्ता यांवर शहरात तीव्र मतभेद आहेत आणि मुलांनी घरी ते ऐकलेले असतात. रोज विधी महाविद्यालय रस्त्यावर अडकणारा नोकरदार, टेकडीवर फिरायला जाणाऱ्या आजी, महानगरपालिकेचे अभियंता, टेकडीच्या पायथ्याचा रहिवासी अशा भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, म्हणजे स्वतःच्या मताविरुद्धही युक्तिवाद करावा लागतो. शिक्षकाने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवावे. विचारलेच तर ते मत म्हणून सांगावे.

सातवी पायरी: क्षेत्रभेटीची व्यवस्था

वर्गात पन्नास-साठ मुले असतील तर दोन गट करून दोन वेगळ्या दिवशी न्यावे आणि प्रत्येक वेळी किमान दोन शिक्षक व एक सेवक किंवा मावशी बरोबर असावेत. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि वर्षभराच्या ठरलेल्या भेटींसाठी पालकांचे एकच संमतिपत्र जूनमधल्या पालकसभेत घेऊन ठेवावे. वन विभागाच्या ताब्यातील टेकडीवर किंवा कुंपण असलेल्या तलावावर जायचे असल्यास संबंधित कार्यालयाला आधी पत्र द्यावे. बंद बूट, पाण्याची बाटली, टोपी आणि प्रथमोपचार पेटी आवश्यक. मधमाश्या असलेल्या भागात अत्तर लावून कोणी येऊ नये.

पावसाळ्यात धरणातून विसर्ग चालू असेल त्या दिवशी नदीकाठी जाऊ नये, ओढ्याच्या वरच्या भागात पाऊस असेल तर ओढ्याकडेही जाऊ नये. भेट रद्द करण्याचा अधिकार बरोबर जाणाऱ्या शिक्षकांपैकी प्रत्येकाला असावा आणि त्यावर त्या क्षणी चर्चा नसावी.

आठवी पायरी: नोंदवही आणि मूल्यमापन

प्रत्येक मुलाची एक साधी शंभरपानी वही असावी. प्रत्येक भेटीला एक पान: तारीख, वेळ, हवा, आकडे, एक रेखाटन, आणि ‘मला न कळलेली एक गोष्ट’. हा शेवटचा रकाना शिक्षकासाठी सर्वांत उपयुक्त असतो, कारण पुढच्या तासिकेचे पाठटाचण त्यातून तयार होते. सुंदर अक्षर आणि रंगीत चित्रे यांना गुण देऊ नयेत. चिखलाचे डाग पडलेली वही चालते.

गुणांसाठी वेगळी परीक्षा लागत नाही. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनातील दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प आणि स्वाध्याय या साधनांतच हे काम बसते, आणि एकाच प्रकल्पाच्या निरनिराळ्या भागांना विज्ञान, भूगोल व गणित या विषयांत स्वतंत्रपणे गुण देता येतात. असे केल्याने मुलांवरचा प्रकल्पांचा भार घटतो व दुकानातून तयार चित्रे आणून चिकटवण्याचे प्रमाणही कमी होते. लेखी प्रश्न विचारायचाच असेल तर ‘जलप्रदूषणाची चार कारणे लिहा’ ऐवजी असा विचारावा: ‘सोबतच्या तक्त्यात आपल्या ओढ्याचा जुलै आणि फेब्रुवारीतील गढूळपणा, सामू आणि वास दिला आहे. दोन महिन्यांतील फरकाचे कारण काय असावे? तुमचे उत्तर तपासण्यासाठी आणखी कोणती नोंद घ्याल?’

‘मी वीज वाचवीन, मी प्लास्टिक वापरणार नाही’ अशा प्रतिज्ञांवर गुण देण्याचा मोह टाळावा. बारा वर्षांच्या मुलाच्या घरी दूध कोणत्या पिशवीतून येते हे ते मूल ठरवत नाही. हवामान बदलाविषयी शिकवताना जगबुडीची भाषाही वापरू नये. कारणे, मोजमापे आणि चाललेले उपाय अशा क्रमाने बोलावे, आणि एखादे मूल फार घाबरलेले दिसले तर त्याच्याशी वेगळे बोलावे.

नववी पायरी: पुढच्या वर्षाकडे सोपवणूक

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर वर्षभराचे आकडे एका मोठ्या वहीत उतरवून ती शाळेच्या ग्रंथालयात दाखल नोंदीसह ठेवावी. मोजण्याची जागा, वेळ आणि पद्धत पहिल्या पानावर इतकी स्पष्ट लिहावी की बदलून आलेल्या शिक्षकालाही तीच मोजणी करता येईल. शक्य तर जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि नमुना घेण्याच्या ठिकाणाचे छायाचित्र जोडावे. सातवीत गेलेल्या मुलांनी जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात नव्या सहावीला पर्जन्यमापक कसा वाचायचा हे शिकवावे. तीन वर्षांचे आकडे जमले की आठवीच्या सांख्यिकीसाठी आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या पुढच्या पत्रासाठी ते वापरता येतात, आणि पहिल्या वर्षी बाजूला राहिलेल्या सहकाऱ्यांना सामील होण्याचे आमंत्रण देण्याची वेळही तीच.